डबा रिकामा कसा देऊ

ये बाई, सरक इकडं जवळ. तो मोबाईल आधी पालथा ठेव. फोनवर बोलायला लागले की तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि मागनं तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणून आज लिहायलाच बसले. लिहिलेलं मधेच कट करता येत नाही. आधी थोडं रागावणार आहे, ते गुमान ऐकून घे. दिवाळीला जाताना चटणीचा डबा घेऊन गेलीस, तो अजून पुण्यातच आहे. डब्याचं काही नाही गं. डबा आला नाही म्हणजे तूही आली नाहीस, मला एवढंच कळतं. विचारलं की म्हणतेस, "येते आई, जरा नोकरीचं मार्गी लागू दे, डबा भरूनच घेऊन येते." नोकरी सुटल्याचं तू सांगितलंच नव्हतंस, ते जावयांच्या तोंडून निसटलं. सुटली तर सुटली. आईच्या दारात यायला काय नोकरीचा दाखला लागतो?

तेव्हापासून माझं कशात मन नाही. भाकरी थापता थापता हात थांबतो. गल्लीत रिक्षा थांबली की मान वळते. असा जीव मागच्या हिवाळ्यात एकदा वरखाली झाला होता, अव्वाच्या वेळी. तुला फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हाही तुझं 'हं, हं' चालू होतं. आता पुरतं सांगते. आणि मला मेलीला पहिल्यापासून सांगावं लागतं, मधूनच धरलं तर धागा तुटतो. तुला ठाऊक असलेलंही येईल. वाच तसंच.

दुकान म्हणजे काय, आपल्याच घराची ओसरी. पूर्व भागाच्या, मागवाल्यांच्या वस्तीच्या तोंडाशी घर, एका अंगाला यंत्रमागाची खटखट आणि दुसऱ्या अंगाला रिक्षावाल्यांची. तुझ्या वडिलांची मिल बंद पडली तेव्हा मी आणि तुझ्या काकूनं, आम्ही दोघी जावांनी मिळून तिथं चूल मांडली. मंगळवेढ्याची ज्वारी, तिची कडक भाकरी, आणि उखळात कांडलेली शेंगाची चटणी. एवढंच होतं. मग लोक म्हणाले, धपाटी करा. मग म्हणाले, बारशाचं जेवण करता का, साखरपुड्याचं करता का. करता करता ओसरी पुरेना, अंगणात पत्रा टाकला. शिकले कुणाकडं म्हणशील तर कुणाकडंच नाही. बिघडवत बिघडवत शिकले.

प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हा चटणी द्यायची कशात, हा घोर पडला. काकूनं माळ्यावर चढून दोघींच्या लग्नातले स्टीलचे डबे खाली काढले. ज्याच्या त्याच्यावर नाव कोरलेलं, कुणा मामाकडून सप्रेम भेट, कुणा आत्याकडून सप्रेम भेट. गिऱ्हाईक डबा न्यायचं, रिकामा झाला की आणून द्यायचं. डब्यांना नावंच पडली. 'आत्याचा डबा कुणाकडं गेला?' 'मामीच्या डब्याचं झाकण सैल झालंय.' तू नेलास तो थोरल्या मामाचा.

आता डबा परत आणा एवढंच आम्ही म्हटलं होतं. पण आपल्याकडं भांडं रिकामं परत द्यायला बाईचा हात धजत नाही. पहिला डबा परत आला त्यात दोन लिंबं. मग कुणी शेवग्याच्या शेंगा आडव्या मोडून घातल्या, कुणी चिंचेचा कोवळा पाला. मागच्या गल्लीतल्या भाभींनी ईदच्या दुसऱ्या दिवशी डब्यात शीरखुर्मा पाठवला आणि वर निरोप, झाकण नीट लागत नाही, आडवा करू नका. दुपारची गर्दी ओसरली की आम्ही डबे उघडायचो. कुणाच्या घरी काय शिजलं ते दुकानात बसून कळायचं. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाकडं तेल संपलंय, सगळं. मी पेपर वाचत नाही, मला लागतच नाही.

ह्या सगळ्यांत अव्वाचा डबा आला की काकू हातातलं टाकून यायची. अव्वा म्हणजे मागाच्या शेडमागं राहणारी ती तेलुगू म्हातारी. नवरा वारलेला, मुलगा बायकामुलांना घेऊन भिवंडीला मागावर. घरी बसून विड्या वळायची आणि कारखान्यात विड्या देऊन परत जाताना आपल्या पायरीवर टेकायची. भाकरी आणि मामीच्या डब्यात चटणी घ्यायची. तिच्या डब्यातनं कधी अंबाडीची चटणी यायची, कधी चिंचेचा भात. संक्रांतीला सकिनाल, तांदळाच्या पिठाची आणि तिळाची ती मोठी चकली, तू एकदा अख्खी खाऊन पोट दुखवून घेतलं होतंस. मराठी बोलायची पण तिच्या चालीनं. मला अक्का म्हणायची, वयानं माझ्यापेक्षा थोरली असून. मी तिला तुम्ही म्हणायची, तर म्हणायची, "तुमी म्हटलं की मी म्हातारी होतंय वो अक्का."

त्या दिवशी काय झालं ते ऐक. दुपारची वेळ. एक मास्तरीणबाई डबा घेऊन आल्या, घाईत होत्या, डबा ठेवला. काकूनं झाकण उघडलं, आत काही नाही. काकूची जीभ तुला माहीत आहे. मोठ्यानं म्हणाली, "बाई, डबा वारं भरून आणला व्हय? आमच्याकडं रिकामं भांडं आलं तर चूल रुसून बसती हां दिवसभर!"

मास्तरीणबाई हसल्या, "उद्या शाळेतला खडू घालून आणते."

"आणा की. भाकरीला लावून खाऊ."

सगळे हसले. अव्वाही पायरीवर बसली होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. मग भाकरी आणि चटणी घेतली, चालताना एक पाय चाचपून टाकला, मला वाटलं उन्हानं दिपली असेल. ती गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. विड्यांचं काम कमी असेल. मग वाटलं, भिवंडीला गेली असेल मुलाकडं. पण जाताना सांगून गेली असती, डबा तरी देऊन गेली असती. मग माझ्या डोक्यात किडा शिरला तो चटणीचा. त्या वर्षी शेंगा दुसऱ्या आडत्याकडनं घेतल्या होत्या. चटणीत काही कमी पडलं असणार, म्हातारीला आवडली नसणार, आणि तोंडावर कसं बोलायचं म्हणून पाय आखडला असणार. झालं! सकाळपासनं मी चटणी चाखायला लागले. लसूण वाढवून बघितला, जिरं कमी करून बघितलं. तोंडाची सालं निघाली. काकूला म्हणाले, कांडणं कमी पडतंय. काकू म्हणाली, "तेल सुटलंय की वं अक्का, अजून किती कांडू? शेंगाचं पीठ करू का?"

मी उठून दारात जायची, गल्लीच्या टोकापर्यंत बघायची, परत येऊन बसायची. बसलं की पुन्हा उठावंसं वाटायचं. तव्यावरची भाकरी करपायची. कडक भाकरीचं कसं असतं, तव्यावरनं काढून चुलीच्या कडेला जाळाकडं तोंड करून उभी करायची, आणि नजर हलू द्यायची नाही. माझी नजरच ठिकाणावर नाही. एका दुपारी दुरडीभर भाकऱ्या काळ्या झाल्या.

त्यात एका साखरपुड्याची ऑर्डर. पंगत बसली, वाढणं झालं, आणि नवऱ्याकडचे एक अण्णा मोठ्यानं म्हणाले, "चटणी पथ्याची हाय का?" मी मीठच घातलं नव्हतं! भाजीत नव्हे, आमटीत नव्हे, चटणीत! ज्या चटणीवर दुकान उभं आहे तिच्यात. काकू ताटाताटातनं मीठ वाढत फिरली आणि येताना टेम्पोत माझ्यावर उखडली.

"एक गिऱ्हाईक यायचं थांबलं म्हणून काय चूल इझवायची का? गावात दुसरी दुकानं न्हाईत? तिकडं जात असंल."

"अव्वा तसली नाही."

"मग जाऊन इचारा की एकदा! हितं बसून चटणीचं वाटोळं कशाला करताय?"

खरं म्हणजे तेच करायला हवं होतं पहिल्या दिवशी. पण आपलं कसं असतं बघ, दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या घरी जायचं म्हणजे डबा मागायला आली असं दिसतं. तिला वाटेल, स्टीलच्या डब्यासाठी अक्का दारात आली. ह्या एका विचारानं मी थांबले होते. तीही कुठल्या विचारानं थांबली होती ते मला मग कळलं.

निघाले एकदाची. हातात एक फडकं, त्यात भाकऱ्या, वाटीत चटणी, मीठ घातलेली. शेडमागची बोळ तू बघितली नाहीस. दोन्ही बाजूंनी माग चालू असतात, बोललेलं ऐकू येत नाही, सुताचा कापूस उडून नाकात जातो. अव्वाच्या शेजारची बाई टॉवेलच्या कारखान्यावर निघाली होती. तिला विचारलं, अव्वा आहे का?

"हाय की. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मीच सकाळ-संध्याकाळ थेंब घालते."

"आणि जेवणाचं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अहो, तुमच्याच दुकानातनं येतंय ना? मी पहिल्याच दिवशी म्हटलं, माझ्याकडं दोन घास खा. तर म्हणाली, अक्काच्या दुकानातनं येतंय, तू नको त्रास घेऊ."

दुकानातनं काय येत होतं, मलाच माहीत होतं की!

आत गेले. एक खोली. अव्वा काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसली होती. विड्या वळायचं सूप कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. माझा आवाज ऐकून उठायला लागली, चाचपडत. मी म्हणाले, बसा, बसा. आणि समोर फळीवर बघते तर मामीचा डबा. घासून लखलखीत केलेला, पालथा, झाकण शेजारी.

"डोळा केलाय अक्का," ती म्हणाली. "विड्या वाकड्या यायला लागल्या, कारखान्यात छाट काढून परत द्यायला लागले. शिबिर होतं, जाऊन आली."

"मग दुकानात निरोप नाही धाडायचा?"

"धाडणार होती. डबा होता ना तुमचा." फळीकडं हात केला. "धुऊन ठेवलाय. पण चुलीपाशी जाऊ नको म्हटलाय डॉक्टर. वाकू नको, धूर नको, फोडणी नको. काय घालू त्यात? डबा रिकामा कसा देऊ?"

"आणि डबा देता येत नाही म्हणून भाकरी न्यायला आली नाहीस?" रागात माझं तुम्हीचं तू झालं.

"पहिला डबा दिला नाही, दुसरा कसा मागायचं?"

"खातेस काय मग?"

"चहा हाय. टोस्ट हाय. चुरमुरे." मग माझी चाहूल घेत हळूच म्हणाली, "तुमची चूल रुसली असती की वो."

तेव्हा मला पायरीवरची ती दुपार आठवली. काकूची थट्टा. तोंडाला पदर लावून हसलेली अव्वा. चाचपून टाकलेला पाय. चुलीपाशी जायला मनाई, म्हणजे भाकरीची गरज तिला सगळ्यांत जास्त तेव्हाच होती, आणि नेमकी तेव्हाच ती यायची थांबली. मी शेंगांना दोष देत बसले होते. मला एकदम रडूही आलं आणि ह्या बाईला धरून गदागदा हलवावं असंही वाटलं. ऑपरेशन झालेलं, हलवायचं कसं!

मी फडकं सोडलं. भाकरी मोडल्याचा आवाज झाला तसा तिनं हात मागं घेतला. "आधी डबा," म्हणाली.

"दे तसाच."

"न्हाई."

"अगं, त्यात टोस्ट घाल."

"ते दुकानचं हाय. हातचं न्हाई."

अशी हट्टी! मी इकडं तिकडं बघितलं. खोलीत हातचं म्हणण्यासारखं काय असणार? चूल थंड. डबे बंद. थेंबांची बाटली. आणि कोपऱ्यात माठ, त्याच्यावर पितळी झाकणी, झाकणीवर तांब्या. डोळ्यांना नीट दिसत नसताना शेजारच्या नळावरनं एकेक तांब्या आणून तिनं तो भरला होता, हे मला मागनं कळलं.

मी डबा काढून तिच्या हातात दिला. म्हणाले, "अव्वा, उन्हातनं आलेय. घशाला कोरड पडलीय. पाणी तरी देशील का नाही?"

ती लगबगीनं उठली. दारात आलेल्याला पाणी द्यायचं राहिलं म्हणून तिचा चेहरा कावराबावरा झाला. "तांब्या," म्हणाली.

"तांब्या बिंब्या नको. हातात आहे त्यात घाल. मला जास्त लागतं."

तिनं डबा माठात बुडवला, काठोकाठ भरून माझ्यापुढं धरला. मी घटाघटा प्याले. थोडं अंगावर सांडलं. वाळ्याचा वास होता त्या पाण्याला. सगळं संपवलं, डबा उलटा करून दाखवला आणि काखेत मारला.

"झालं. भरून दिलास, मी रिकामा केला. आता माझा आणि तुझा हिशोब मिटला. खा."

मग काळ्या चष्म्याखालनं तोंड हसायला लागलं. "वकील हाय तुमी, अक्का," म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडला. कडक भाकरी, तिच्या दातांना जड गेली असणार. चटणी लावून तोंडात धरून बसली, विरघळेपर्यंत. मी तिथंच बसून राहिले. मागाचा आवाज एवढा की बोलणं होतच नव्हतं, ते एक बरं झालं.

घरी येऊन काकूला सांगितलं. ती उखळाशी बसली आणि चटणी कांडत राहिली, कांडत राहिली, शेवटी खरोखरीच पीठ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायच्या आधी मऊ भाकरी आणि मेथीची पातळ भाजी घेऊन स्वतः गेली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलं नाही. पण तिचा डोळा बरा होईपर्यंत रोज काकूच जायची, आणि परत येताना तिच्या पदराला पाण्याचे डाग असायचे.

तुला वाटेल, झालं, संपलं, आता आई निवांत. कुठलं निवांत गं! त्यानंतर मला आणखीनच वाईट खोड लागली. एखादा डबा यायला उशीर झाला की बसवत नाही. डब्यात काय आलं हे बघायच्या आधी कोण आलं नाही हे बघते. संध्याकाळी चुलीवर पाणी मारलं की पायात चपला घालून निघते. मास्तरीणबाईंकडं जाऊन आले, त्यांची बदली झालीय बार्शीला, डबा सामानात बांधला गेला होता, तो सोडवून आणला. भाभींकडं जाऊन आले. लोक हसतात, म्हणतात, अक्का वसुलीला निघाल्या. म्हणू देत. दारात उभी राहिले की मी आधी पाणीच मागते. आता बायका न विचारता डब्यातच पाणी देतात आणि हसतात.

आणि आता एकच डबा बाहेर आहे. थोरल्या मामाचा. तिथं चपला घालून जाता येत नाही, गाडीत बसून यावं लागतं, आणि दुकान टाकून निघाले तर काकू म्हणेल, झालं सुरू. गेल्या आठवड्यात तर पिशवीही भरली होती. मग थांबले. म्हटलं, लेकीच्या घरी जाऊन उभं राहिलं तर तिला वाटेल, नोकरी गेली म्हणून आई बघायला आली. बघ, पुन्हा तसंच. तू तिकडं थांबलेली, मी इकडं.

अव्वा काल पायरीवर बसली होती. एक डोळा झाला, आता दुसरा करायचाय. तुझी चौकशी केली. मी म्हणाले, डबा भरून आणायचा म्हणून पोरगी येईना झालीय. ती पाठ दाबत उठली आणि जाता जाता म्हणाली, "तिकडं पुण्यात पाणी न्हाई काय?"

तर पोरी, ऐक. डब्यात काही घालू नकोस. मिठाई आणू नकोस, जावयांना पण सांग. नळाचं पाणी घालायचं तर घाल, गाडीत सांडलं तर सांडू दे. नाहीतर रिकामाच आण, झाकण हरवलं असलं तरी चालेल. दुसरा डोळा करायच्या आधी सकिनाल करायचे म्हणतेय अव्वा, एकदा तो झाला की पुन्हा महिनाभर तिला चूल बंद. ह्या शनिवारी सकाळच्या गाडीत बस. दुपारी गर्दी ओसरते, तेव्हा पोचशील. मी दारातच असेन, मला कुठं बसवतंय.